बर्डीतले जिने आणि माझी ओजेटी

बीसीसीएच्या (कॉम्प्युटरवाल्या कॉमर्स डिग्रीच्या) शेवटच्या वर्षाला ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, आली आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागला, "कोणाची ओळख आहे का कुठे?" नव्या शिक्षण धोरणात तिला 4 क्रेडिट आहेत, त्यामुळे टाळता येत नाही. कॉलेज पत्र देतं, जागा आपली आपण शोधायची.

सगळ्यांचं डोकं आधी मिहानकडे, म्हणजे नागपूरच्या विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या भागाकडे, जातं. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल तिथे आहेत, मेट्रो खापरीपर्यंत जाते, नातेवाइकांना सांगायलाही बरं वाटतं. पण दोन महिन्यांसाठी वेब डिझाइनवाल्या पोरीला तिथे आत कोण घेणार? मी तो नाद लवकर सोडला.

मग ऑनलाइन इंटर्नशिपचा बाजार. फॉर्म भरला की मुलाखत नाही, काही नाही, थेट अभिनंदनाचं पत्र. काम काय, तर एक लँडिंग पेज आणि एक कॅल्क्युलेटर, जे यूट्यूबवर फुकट शिकता येतं. शेवटी सर्टिफिकेटचे पैसे भरा. आईला सांगितलं तर म्हणाली, "काम तू करशील अन् पैसेही तूच देशील? हे कोणतं गणित झालं?" विषय तिथेच संपला.

नागपुरातल्या दुकानांच्या, दवाखान्यांच्या, मंगल कार्यालयांच्या साइट बनतात त्या बर्डी, धरमपेठ, रामदासपेठेतल्या छोट्या ऑफिसांत. खाली झेरॉक्स, वर अरुंद जिना, आत तीन-चार माणसं. हे लोक जाहिरात देत नाहीत. त्यांना शोधायचं कसं? गावातल्या कुठल्याही दुकानाची साइट उघडायची आणि अगदी तळाशी जायचं. तिथे बारीक अक्षरात बनवणाऱ्याचं नाव असतं. मी तशीच यादी केली. आणि जायचं भर दुपारी. उन्हाळ्यात त्या वेळी नागपुरात क्लायंट बाहेर पडत नाही, मालक कूलरसमोर बसलेला असतो आणि त्याला बोलायला वेळ असतो.

रेझ्युमे कोणी वाचत नाही. जिथे माझं जमलं तिथल्या सरांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, "लिंक पाठव ना." मामाच्या केटरिंगचं एक पान मी गिटहब पेजेसवर, म्हणजे साइट ठेवायच्या फुकट जागेवर, चढवलं होतं. त्यांनी वायफाय बंद केलं आणि स्वतःच्या फोनवर उघडलं. फोटो पटकन आले, कारण मोबाईलवर काढलेले चार-पाच एमबीचे फोटो मी लहान करून वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये टाकले होते. मेन्यू मराठीत होता. तो त्यांनी सावकाश वर-खाली करून पाहिला आणि मग आपल्याच एका साइटचं शीर्षक माझ्यासमोर धरलं. "हे असं काऊन दिसून राहिलं?"

मंगल कार्यालयाचं नाव होतं. प्रत्येक अक्षर सुटं, शिरोरेषेचे तुकडे झालेले. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये शीर्षकाला लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, दिलेलं असतं. रोमन अक्षरांना ते शोभतं, आपली अक्षरं मात्र रेषेला धरून असतात, अंतर वाढवलं की रेषाच तुटते. ते शून्य करायला सांगितलं. शिवाय लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, 1.2 होती, त्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना टेकत होते. 1.6 केल्यावर पान मोकळं झालं. दोन्ही बदल त्यांच्या मुलाने तिथेच केले. "सोमवारपासून ये," सर म्हणाले, "पगार नाही, पेट्रोलचे देऊ."

आता तिथे मी बहुतेक वेळ काय करते, तर मजकूर दुरुस्त करते! इतवारीतल्या एका साडीवाल्यांनी सगळी माहिती त्यांच्या छपाईवाल्याकडून आणून दिली, ती श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये. जुने फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखं दिसणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीचे, नाहीत, त्यामुळे ब्राउझरमध्ये पेस्ट केलं की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. कन्व्हर्टरमधून काढलं तरी रफार एखादं अक्षर मागे-पुढे जातो, पहिली वेलांटी भलत्यालाच लागते, कारण जुन्या पद्धतीत ती अक्षराच्या आधी टाइप व्हायची. मग ओळ न ओळ वाचायची. हे आम्हाला कोणी शिकवलेलं नाही. क्लायंटला फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगायचं, नाहीतर ते बारीक होऊन येतात, हेही नाही.

फुकट राबण्याबद्दल मैत्रिणींशी माझं भांडण झालं आहे. दोन महिने शिकायला मिळत असेल तर मी पेट्रोलवर खूश आहे. त्यापुढे थांबायला सांगितलं तर आकडा विचारणार.

ज्युनिअर्सनी एक मात्र पहिल्याच दिवशी विचारून घ्या: केलेलं काम आपल्या पोर्टफोलिओत दाखवता येईल का? काही जण क्लायंटचं काम बाहेर दाखवू देत नाहीत, मग दोन महिन्यांनी हातात फक्त एक पत्र राहतं. त्या पत्रावर लेटरहेड, तारखा, तास, सही आणि शिक्का असं सगळं लागतं. छोट्या ऑफिसात शिक्का बरेचदा सीएकडे असतो, तेव्हा तो आधीच मागून ठेवायला सांगा.