आजोबांचा घडीचा चाकू
आज दिंडोरीजवळच्या मामांच्या मळ्यात पेरू कापायला बसलो, तेव्हा माझ्या खिशात दोन चाकू होते. एक नवा, स्टेनलेस स्टीलचा, अंगठ्याने उघडणारा आणि उघडताच पाते जागेवर पक्के अडकणारा. दुसरा आजोबांचा, शिसवी मुठीचा. त्याच्या पात्यावरच्या खाचेत नख घालून तो दोन्ही हातांनी उघडावा लागतो. नव्या चाकूचे पाते जाड असल्यामुळे पेरू कापला जाण्याऐवजी फाकत होता, तर आजोबांच्या पातळ पात्याने पापुद्र्यासारख्या फोडी सहज निघाल्या. ते पाते साध्या पोलादाचे असल्याने फळांच्या आम्लाने त्यावर निळसर-करडे डाग पडले आहेत, आणि मला ते फार आवडतात.

मात्र द्राक्षमांडवाची जुनी दोरी कापताना मी नवाच चाकू वापरला, कारण जुन्याचे पाते केवळ मागच्या स्प्रिंगच्या ताणावर उभे असते आणि जोर चुकल्यास ते बोटांवर मिटू शकते. फ्रान्समधल्या ओपिनेल या चाकू बनवणाऱ्या कंपनीने 1890 पासून चालत आलेल्या आपल्या लाकडी मुठीच्या चाकूला 1955 मध्ये उघडे पाते जागेवर अडकवणारे फिरणारे कडे बसवून नेमकी हीच अडचण दूर केली. जुने रूप राखून केलेली अशी सुधारणा मला मनापासून पटते.

नाशिकला घरी परतल्यावर आजोबांचा चाकू कोरड्या फडक्याने पुसला, दगडावर हलकी धार लावली आणि बिजागरीत खोबरेल तेलाचा एक थेंब सोडला. उद्या खिशात तोच असेल.