माळकरी अण्णांसाठी ओमेगा-3 ची गोळी शोधताना आलेला अनुभव

घरात माळकरी माणूस आणि डॉक्टरांनी ओमेगा-3 सांगितलंय, अशी वेळ ज्यांच्यावर आलीये त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझा राग अजून गेलेला नाही हे आधीच सांगते.

अण्णांचं ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, 412 आलं, उपाशीपोटी. 150 च्या आत हवं. डॉक्टरांनी गोड बंद, भात कमी, शुगरच्या गोळ्या बदलल्या, संध्याकाळी चालायला सांगितलं आणि वर ओमेगा-3 चालू करू म्हणाले, ईपीए आणि डीएचए (माशाच्या तेलात असणारे ओमेगा-3 चे दोन प्रकार) मिळून दिवसाला 2 ग्रॅम. मी म्हटलं डॉक्टर, अण्णांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, माशाचं तेल ते तोंडात घेणार नाहीत. तर म्हणाले शेवाळापासून काढलेलं मिळतं, मासे तरी ते कुठून आणतात, शेवाळातूनच तर येतं त्यांच्यात, तेच थेट घ्या, फक्त लेबल वाचून आणा.

लेबल वाचून आणा!! सगळा त्रास या तीन शब्दांत होता.

पहिल्या मेडिकलमध्ये नेहमीची मोठी पिवळी गोळी पुढे केली, पाकिटावर तपकिरी त्रिकोण, म्हणजे नॉनव्हेज. माशाचं तेल तर आहेच, वरचं कवचही बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं, तेही प्राण्यांचंच. दुसरीकडे हिरवा ठिपका असलेली बाटली मिळाली, पुढे मोठ्ठं "व्हेज ओमेगा-3, 1000 मिग्रॅ", मागे फिरवून बघितलं तर जवसाचं तेल. आता आमच्या सोलापुरात जवसाची चटणी भाकरीबरोबर असतेच, जवस चांगलंच आहे, ती चटणी बंद करू नका. पण जवसात, अक्रोडात असतं ते एएलए, ओमेगा-3 चाच तिसरा प्रकार. शरीर त्यातलं अगदी थोडं ईपीएमध्ये बदलतं आणि डीएचए तर नावापुरतंच होतं. ट्रायग्लिसराइड उतरवायला ईपीए-डीएचएच लागतं. मेडिकलवाला दादा म्हणतो "ताई, ओमेगा-3 म्हणजे ओमेगा-3, सगळं एकच". एकच नाही हो! आणि 3-6-9 वाली बाटली कुणी दिली तर घेऊ नका, 6 आपल्या सूर्यफुलाच्या आणि सोयाबीनच्या तेलातून भरपूर जातं आणि 9 शरीर स्वतःच बनवतं.

मग ऑनलाइन एक मिळाली. हिरवा ठिपका, "शेवाळाचं तेल 1000 मिग्रॅ", फोटोत मागची बाजू एवढी अंधुक की वाचता येत नाही. मागवली. हातात आल्यावर भिंग घेऊन वाचलं तर लिहिलंय "ओमेगा-3 फॅटी ॲसिड 400 मिग्रॅ प्रति सर्व्हिंग" आणि पार खाली बारीक अक्षरात सर्व्हिंग म्हणजे 2 गोळ्या. म्हणजे एका गोळीत 200, पुढे छापलंय 1000! त्यातही ईपीए किती, डीएचए किती, काहीच नाही. डॉक्टरांना फोटो पाठवला तर ते म्हणाले वेगवेगळे आकडे कळल्याशिवाय मी डोस लिहिणार नाही, डीएचएनेही ट्रायग्लिसराइड उतरतं पण नुसतं डीएचए जास्त घेतलं तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, थोडं वाढू शकतं आणि अण्णांचं ते आधीच काठावर आहे.

इथून कस्टमर केअर सुरू झालं. पहिल्या फोनला पलीकडची मुलगी म्हणाली मॅडम, 1000 मिलिग्रॅम आहे. मी म्हटलं ते तेलाचं वजन झालं, त्यात ईपीए किती? मॅडम, आमचं प्रॉडक्ट शंभर टक्के नॅचरल आहे. अहो नॅचरल आहे ते मान्य, पण आकडा? मग होल्ड, मग गाणं, मग फोन कट. परत लावला की नवीन माणूस आणि परत पहिल्यापासून रामायण. ईमेल केला, त्यावर केसांसाठी, त्वचेसाठी, मेंदूसाठी फायदे अशी लांबलचक यादी आली, आकडा नाहीच. एकाने तर मला "तुम्ही डाएटिशियन आहात का" असं विचारलं. मुलगी आहे मी अण्णांची, तेवढं पुरे नाही का! औषधासाठी डॉक्टर आकडा मागतायत आणि विकणाऱ्याला तो सांगता येत नाही, याचा संताप येतो. त्या फोनवरच्या पोरांचा दोष नाही, त्यांच्यासमोर जे लिहिलेलं असतं तेच ती वाचतात, दोष कंपनीचा.

शेवटी ऑफिसमधल्या एकाने सांगितलं की 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विकणाऱ्याला तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावाच लागतो, 48 तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निकाल. पानाच्या अगदी तळाला ते नाव सापडलं. मेल केला, सोबत बाटलीच्या मागच्या बाजूचा नीट काढलेला फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी, आणि ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही तक्रार नोंदवली. मग मात्र उत्तर आलं, तक्त्यासकट. जवळजवळ सगळं डीएचए, ईपीए नगण्य. सील तोडलेलं नव्हतं म्हणून पैसेही परत मिळाले. बाटली हातात आल्या आल्या उघडू नका ते यासाठीच, आधी मागचं वाचा.

मग दुसऱ्या कंपनीची घेतली, जिच्यावर ईपीए आणि डीएचए वेगवेगळं लिहिलेलं होतं, दोन्ही मिळून एका गोळीत 250. म्हणजे दिवसाला 8. अण्णा म्हणाले "एवढ्या?" डॉक्टरांनी चार दुपारी चार रात्री करून दिल्या, जेवणानंतरच, कारण जेवणात तेल-तूप असलं की ते नीट शोषलं जातं. रिकाम्या पोटी घेतलं की ढेकरही फार येतात.

मासे खाणाऱ्यांनाही हाच हिशोब. नेहमीच्या 1000 च्या माशाच्या तेलाच्या गोळीत साधारण 180 ईपीए आणि 120 डीएचए असतं, बाकी दुसरी तेलं. बांगडा, तारली आठवड्यातून दोनदा खात असाल तर आधी डॉक्टरांना विचारा गोळी लागते का.

कारण गोळी सगळ्यांना लागत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2019 मध्ये सांगितलं की डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिवसाला 4 ग्रॅम दिलं तर ट्रायग्लिसराइड 20 ते 30 टक्के उतरतं, तो फायदा खरा आहे. पण 2018 ची व्हायटल नावाची मोठी चाचणी, 25,871 लोकांची, त्यात रोज 1 ग्रॅमने हार्ट ॲटॅक, स्ट्रोक वगैरे मिळून असं ठळक काही कमी झालं नाही. आणि जास्त डोसने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो, म्हणून शेजारच्या काकू घेतात म्हणून आपणही घ्यायचं असं करू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगाच.

अण्णांचा पुढचा रिपोर्ट 196 आला. मला इतकं हलकं वाटलं! डॉक्टर म्हणाले यात मोठा वाटा गोड बंद केल्याचा आणि शुगर आटोक्यात आल्याचा, गोळीने हातभार लावला. गोळ्या आता निम्म्या केल्यात.

अजून एक राहिलंच, किंमत. बाटलीवरची बघू नका, 1 ग्रॅम ईपीए-डीएचए कितीला पडतं ते काढा. 60 गोळ्या गुणिले 250 म्हणजे 15 ग्रॅम, बाटली 900 ची असेल तर ग्रॅमला 60 रुपये. स्वस्त दिसणारी बाटली या हिशोबात बऱ्याचदा महाग निघते. आणि उघडल्यावर खवट वास आला तर परत करा, तेल खराब झालेलं असतं, आमच्याकडे उन्हाळ्यात तर ती बाटली फ्रीजमध्येच ठेवते मी.