मुंबई ते न्यूयॉर्क : अंतराचे गणित

पुतणी उच्च शिक्षणासाठी न्यूयॉर्कला निघाली असल्यामुळे आज सांगलीतील आमच्या घरी अक्षांश-रेखांश मांडून दोन विमानतळांमधील अंतर काढण्याचे काम दुपारभर चालले होते. पृथ्वीची त्रिज्या 6371 किलोमीटर धरली, तर गोलीय त्रिकोणमितीने ते सुमारे 12,500 किलोमीटर येते. सपाट नकाशावर सरळ पश्चिमेकडे जाणारी रेघ जवळची भासते. परंतु पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला, की तो मुंबईहून उत्तर-वायव्येस चढत थेट आइसलंडच्या परिसरात, 64 ते 65 अंश उत्तर अक्षांशापर्यंत जातो आणि मगच खाली वळतो. हा प्रयोग शाळेत प्रत्येक मुलाने स्वतःच्या हाताने करायला हवा, असे मला मनापासून वाटते.

ताशी 900 किलोमीटर वेगाने हा प्रवास सुमारे 14 तासांचा होतो. प्रत्यक्षात हवाई हद्दींमुळे घ्यावा लागणारा वळसा आणि पश्चिमेकडून वाहणारे जेट प्रवाह यांमुळे जाताना अधिक वेळ लागतो. येताना तेच वारे साथ देतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. त्यामुळे पहाटे 2 वाजता निघून साडेपंधरा तास उडालेले विमान तेथे त्याच दिवशी सकाळी 8 वाजता उतरते, हे कागदावर मांडून दाखवल्यावर वहिनींची काळजी बरीच कमी झाली.