एअर रायफल दुरुस्तीला घेतली एकदा, जोडली तीनदा (माझा अनुभव)

माझी एअर रायफल एकदम साधी, नळी बिजागरीवर मोडून कॉक करायची (म्हणजे आतली स्प्रिंग दाबून अडकवायची), ४.५ मिमी, आत एक स्प्रिंग आणि तिने पुढे ढकलला जाणारा एक पिस्टन, बस. बरीच वर्षं वापरली आणि मग हळूहळू असं व्हायला लागलं की १० मीटरवर छर्रे खाली लागायचे, तेही सगळे सारखे खाली नाहीत, एक खाली, एक त्याहून खाली, आणि उडवल्यावर आत खणण्ण करून आवाज घुमत राहायचा. मी आपला साइट वर करत बसलो. शेवटी क्लबमधल्या एका काकांनी पुढे क्रोनोग्राफ (छर्र्याचा वेग मोजायचं यंत्र) ठेवला, आकडे आले ११८, १०९, १२१ मीटर प्रति सेकंद. काका म्हणाले, "साइटला कशाला पिळतोयस, तुझं पिस्टनचं सील गेलंय. स्प्रिंगपण बघ."

मग सील (पिस्टनच्या डोक्यावरची, हवा मागे निसटू न देणारी टोपी), स्प्रिंग आणि नळी जिथे मोडते त्या मागच्या तोंडाचं छोटं सील असे तीन पार्ट मागवले. मला वाटलेलं जुनं काढायचं, नवं घालायचं, तासाभराचं काम.

उघडण्याबद्दल एकच गोष्ट सांगतो कारण ती महत्त्वाची आहे. रायफल कॉक केलेली नसली तरी आतली स्प्रिंग मोकळी नसते, थोडी दाबूनच बसवलेली असते, माझ्यात ती जवळपास ६० मिमी दाबलेली होती. म्हणजे मागची पिन हातानेच काढली तर ट्रिगर युनिट सरळ छातीवर येणार. त्यामुळे स्प्रिंग कॉम्प्रेसर लावायचा, दाब त्याच्यावर घ्यायचा, मग पिन, आणि मग स्क्रू हळूहळू सैल करत जायचं. छर्रा आत नाही ना हे त्याच्या आधी, हे सांगायला नकोच.

जुनी स्प्रिंग नव्याशेजारी ठेवली तर चांगली बोटभर आखूड झालेली आणि काचेवर लोळवली तर डुगडुगत जायची, म्हणजे वाकलेली. सीलची कड एका बाजूने जळल्यासारखी. ते माझंच पाप, मध्यंतरी आवाज कमी व्हावा म्हणून मी हवा नळीत जाते त्या पुढच्या भोकातून साधं मशीनचं तेल सोडलेलं. पिस्टन पुढे आदळताना हवा इतकी तापते की ते तेल आतच पेटतं, डिझेल इंजिनसारखं, फटाक्यासारखा आवाज येतो, धूर येतो आणि छर्रा जोरात जातो, त्यामुळे मला तेव्हा वाटलं वा, सुधारली!

आता जोडणी नंबर एक. नवं सील पिस्टनच्या डोक्यावर चढेना, ते गरम पाण्यात दोन मिनिटं ठेवल्यावर मऊ झालं आणि टपकन बसलं. इथपर्यंत मी खूश. पिस्टन ट्यूबमध्ये (ज्या नळकांड्यात तो मागेपुढे होतो त्यात) सरकवला, थोडा अडकला, जोर लावला, चर्र असं काहीतरी झालं आणि गेला आत. ते चर्र मी ऐकलं होतं बरं का, पण ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सगळं जोडून क्रोनोग्राफवर ठेवलं तर ९५! जुन्या फाटक्या सीलपेक्षा कमी.

परत उघडली. झालेलं असं की ट्यूबला खालून कॉकिंग लिव्हरसाठी लांब खाच असते आणि तिच्या कडा आतून ब्लेडसारख्या होत्या. सील जाताना त्याच कडांवर घासलं आणि त्याचा ओठ, म्हणजे पुढची पातळ कड, कापला गेला. आणि या सीलचं सगळं काम त्या पातळ ओठावरच असतं, हवेचा दाब आला की तो ओठ बाहेर फुगून भिंतीला चिकटतो, तिथेच चीर पडली तर हवा मागे पळणार. नवं सील वाया, दुसरं मागवलं.

ते येईपर्यंत खाचेच्या कडा बारीक एमरी पेपर काडीला गुंडाळून घासल्या. धार गेली की नाही हे बोटाला नीट कळत नाही, त्यासाठी कापूस फिरवायचा, जिथे बर (धातूची बारीक धारदार कड) शिल्लक असेल तिथे कापसाचे धागे अडकतात. ही युक्ती काकांची, आणि मी आता कुठल्याही ट्यूबमध्ये आधी कापूसच फिरवतो. घासल्यावर लोखंडाची पूड पुसून काढायला मात्र विसरू नका, नाहीतर तीच पुढे आतली भिंत ओरखडेल. आणि सील घालताना खाचेवर एक पातळ प्लास्टिकची पट्टी आतून धरली, तिच्यावरून सील घसरत गेलं. आवाज शून्य.

जोडणी नंबर दोन, आकडा १३८. सुधारलं पण नव्या पार्टला हे कमीच. यावेळी सील शाबूत होतं पण घट्ट होतं, स्प्रिंग न लावता नुसता पिस्टन हाताने ढकलायचा तर अंग टाकून रेटावं लागत होतं. ही गोष्ट मी जोडायच्या आधी तपासायला हवी होती, तेव्हा एका मिनिटाचं काम होतं. जास्त घट्ट सील म्हणजे स्प्रिंगचा बराचसा जोर घासण्यातच जातो. म्हणून पिस्टनचा दांडा ड्रिलमध्ये धरला, अगदी हळू फिरवत ४०० नंबरचा पेपर लावला, थोडं घास, घालून बघ, परत घास. अंगठ्याने ढकलल्यावर अडखळत नाही पण आपोआप सरकतही नाही, इतपत झाल्यावर थांबलो. घाईत जास्त घासलं असतं तर तिसरं सील.

खणखण आवाजाचं कारण पण तेव्हाच सापडलं. नवी स्प्रिंग जुन्या गाइडवर (स्प्रिंगच्या आतून तिला सरळ धरणारा दांडा) घातली तर सैल, हलवली की खुळखुळ. गाइड स्प्रिंगच्या आत जरा अंगासरशी बसला पाहिजे, नुसती स्प्रिंग बदलून काय उपयोग. तो पण बदलला, स्प्रिंगला घट्ट चिकट ग्रीस अगदी पातळ लावलं, पिस्टनच्या बाजूंना मॉली (मॉलिब्डेनमचं) ग्रीस, आणि सीलच्या पुढे काहीही नाही.

जोडणी नंबर तीन, आकडे १६८, १७०, १६९. ०.५३ ग्रॅमचा छर्रा होता, म्हणजे साधारण साडेसात ज्यूल. मी नाचायचाच बाकी होतो. नळी मोडते त्या मागच्या सांध्यावर टिश्यू पेपरचा तुकडा ठेवून उडवलं, तुकडा हलला नाही, म्हणजे तिथूनही हवा जात नाही.

पण टार्गेटवर छर्रे आडवे पसरायला लागले. उंची सगळ्यांची सारखी, डावीउजवीकडे मात्र कुठेही. नळी हातात धरून हलवली तर किंचित हलतेय. टेबलाखाली शोधलं तर एक कागदाएवढा पातळ वॉशर पडलेला! नळीच्या बिजागरीत दोन्ही बाजूंना एकेक असतो, हा जुन्या ग्रीसने चिकटून राहिला असणार आणि नंतर कधीतरी गळला, त्यामुळे मी उघडताना काढलेल्या फोटोतही तो कुठे दिसत नाही. नशीब एवढंच की त्याच्यासाठी फक्त बिजागरीचा बोल्ट काढावा लागतो, ट्यूबला हात लावावा लागला नाही.

पुढच्या रविवारी क्लबमध्ये नेली, काकांनी नळी हलवून बघितली, दोन छर्रे उडवले, काही बोलले नाहीत, फक्त स्क्रूड्रायव्हर पुढे केला आणि म्हणाले लाकडी दस्त्याचे स्क्रू आवळ. म्हटलं कालच आवळलेत काका. तरी लावून बघितला, पुढचे दोन्ही चांगला अर्धा वळसा फिरले.