तुम्ही विचारलेत म्हणून: बुडालेले जहाज वर का काढू नये?

व्याख्यान संपून चहाचे कप हातात आले की कुणीतरी जवळ येते आणि तोच प्रश्न विचारते. लग्नाच्या पंगतीत मामेभाऊ विचारतो, फोनवर कॉलेजातले जुने सर विचारतात, मालवणच्या बंदरावरचे लोकही विचारतात: बुडालेल्या जहाजांतील वस्तू जपण्यावर तुमचे पोट चालते, मग जहाज वर काढू नका असे तुम्हीच कशा म्हणता? स्वीडनने वासा नावाचे बुडालेले जहाज वर काढले, इंग्लंडने मेरी रोझ काढले, आणि आपल्या किनाऱ्याचा विषय निघाला की तुमचे एकच पालुपद, 'असू द्या तिथेच'. मामेभावाने तर 'तुला साहेबाचे जहाज चालते, आपले चालत नाही' असेही ऐकवून घेतले. आजवर प्रत्येकाला मी दोन वाक्यांत वाटेला लावत आले. त्या दोन वाक्यांनी कुणाचे समाधान झाले नाही आणि माझेही झाले नाही, म्हणून आता एकदाच सविस्तर लिहिते.

आधी एक कबुली देते. मी पूर्वी नेमके उलटे म्हणत असे. स्टॉकहोममध्ये वासा पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. त्या दालनात उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो, डोळे सरावायला वेळ लागतो, आणि सरावले की समोर ६९ मीटर लांबीचे, नखशिखांत कोरीव काम केलेले काळसर जहाज उभे दिसते, ज्याचे अठ्ठ्याण्णव टक्के लाकूड मूळचे, १६२८ सालचे आहे. मी त्या दिवशी चार तास हलले नाही. रात्री वहीत लिहिले, 'समुद्राने गिळलेले प्रत्येक जहाज परत मागून घेतले पाहिजे.' ती वही अजून माझ्याजवळ आहे आणि ती मुलगी अजून माझ्याशी भांडते.

त्या मुलीला जे ठाऊक नव्हते ते असे. २४ एप्रिल १९६१ रोजी वासा पाण्यावर आले, त्या दिवसाची छायाचित्रे जगभर गेली, पण त्यानंतर त्याच्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे फवारे १७ वर्षे चालू होते, त्याचे छायाचित्र कुणी भिंतीवर लावत नाही. समुद्रात शतकानुशतके राहिलेल्या लाकडातील गर जीवाणूंनी खाल्लेला असतो आणि पेशींच्या पोकळ भिंती आत भरलेल्या पाण्याच्याच आधाराने उभ्या असतात. 'बडा घर पोकळ वासा' ही आपली म्हण या जहाजाला नावासकट लागू पडते, असा विनोद मी व्याख्यानात करते आणि तो दर वेळी चालतो. ते पाणी नुसते उडून गेले तर जाताना भिंतींना आत ओढते आणि लाकूड आक्रसते, वळते, चिरफाळते. म्हणून पाण्याच्या जागी हा मेणासारखा पदार्थ मुरवायचा, तोही थेंबाथेंबाने. एवढे करून १९९० मध्ये जहाज नव्या संग्रहालयात बसले, आणि २००० च्या पावसाळी उन्हाळ्यात, ओले कोट घालून आलेल्या गर्दीने दालनातील दमटपणा वाढला तेव्हा, लाकडावर पांढरे-पिवळे डाग फुटले. बंदराच्या घाण पाण्यात तीन शतकांहून अधिक काळ मुरलेले गंधक, गंजलेल्या लोखंडाच्या संगतीने, लाकडाच्या पोटात आम्ल तयार करत होते. पुढे पाच हजारांहून अधिक लोखंडी बोल्ट काढून त्या जागी गंजरोधक पोलादाचे बसवले, त्या कामाला २०११ ते २०१८ एवढा काळ लागला. काम संपलेले नाही आणि ते कधी संपेल असे तिथल्या कुणाच्या तोंडून मी ऐकलेले नाही.

मेरी रोझचीही तीच कथा. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी वर आलेल्या त्या अर्ध्या सांगाड्यावर आधी गार पाणी, मग १९९४ पासून ग्लायकॉल, असे फवारे २०१३ पर्यंत चालले. अर्धाच सांगाडा, कारण गाळात रुतलेली उजवी बाजू तेवढी वाचली होती. सुरुवातीला संग्रहालयात आलेली कित्येक मुले मोठी होऊन आपली मुले घेऊन आली, तरी जहाज ओलेच होते.

हे सगळे पुस्तकी उत्तर झाले आणि ते खरेही आहे, परंतु माझे मत पुस्तकाने बदलले नाही. ते एका फणीने बदलले.

मी तेव्हा युरोपातील एका किनारपट्टीच्या गावी, प्रयोगशाळेत उमेदवारी करत होते. सतराव्या शतकातील एका व्यापारी जहाजावरच्या वस्तू तिथे झाकणाच्या डब्यांत, शुद्ध पाण्यात ठेवलेल्या असत आणि पाणी बदलणे, पातळी पाहणे, वस्तूचे हुबेहूब मापाचे चित्र काढणे ही माझी कामे होती. त्या आठवड्यात माझ्याकडे एक लाकडी फणी आली. कंगवा म्हणत नाही, फणीच म्हणते: मधे पट्टी, एका बाजूला जाड दाते, दुसऱ्या बाजूला उवा काढायचे बारीक दाते. माझ्या आजीकडे अगदी तशीच शिंगाची होती. शाळेला सुटी लागली की आजी आम्हा बहिणींना पायरीवर बसवून, मांडीवर पांढरे फडके पसरून, तीच डोक्यातून ओढायची. मेरी रोझवरच्या खलाशांच्या फण्याही अशाच आहेत. आजीला सांगितले असते तर तिला आश्चर्य वाटले नसते. उवा सगळीकडे सारख्याच, असे ती म्हणाली असती.

फणी स्पंजाच्या ओल्या तुकड्यावर ठेवून, वर पातळ प्लास्टिक टाकून मी चित्र काढत बसले होते. जाड बाजू पूर्ण झाली. बारीक बाजूचे एकतीस दाते काढून झाले. दातांमध्ये अडकलेला काळा मळ सोमवारी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा होता, कारण त्यात लिखा सापडण्याची आशा होती. शुक्रवार होता, गाडीची वेळ झाली होती. मी डब्याचे झाकण लावले, चिठ्ठीवर वेळ आणि सही केली आणि निघाले. झाकण लावले तेव्हा डब्यात फक्त पाणी होते.

सोमवारी मीच पहिली आले. दिवा चालूच राहिला होता. प्लास्टिक एका कोपऱ्याने उचलले गेले होते, स्पंज कडक झाला होता आणि त्याच्यावर पिळवटलेली, उन्हात विसरलेल्या आमसुलासारखी एक काळी वस्तू पडली होती. मूळ लांबीच्या जेमतेम दोन तृतीयांश. बारीक दाते एकमेकांना चिकटून मूठ मिटावी तसे आत वळले होते. मी तिला परत पाण्यात टाकले. रसायनशास्त्राची पदवी असलेल्या बाईने ते केले, याची लाज मला फणी वाळल्यापेक्षा अधिक वाटते, कारण कोसळलेली पेशी पाण्याने उठून बसत नाही हे मी स्वतः पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवत होते.

मग नोंद लिहायची वेळ आली. मी जे लिहिले त्याचे मराठी करायचे तर 'हाताळणीदरम्यान फणी वाळली' असे होईल. आमच्या प्रमुख बाईंनी ते वाचले आणि शांतपणे विचारले, "आपली आपण वाळली?" त्या रागावल्या नाहीत. त्यांनी माझे अर्धवट चित्र मागवून घेतले, दाते दोनदा मोजले आणि त्यावर सांगितले की यापुढे ही फणी म्हणजे हे चित्र. त्यानंतर मी नोंद पुन्हा लिहिली, क्रियापद बदलले आणि माझे नाव घातले. बारीक बाजूला एकूण किती दाते होते हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

त्या घटनेनंतर 'तिथेच असू द्या' हे मी बोलू लागले, आणि पाण्याखालील वारशाविषयीच्या युनेस्कोच्या २००१ च्या करारानेही जागेवर जतन हाच पहिला पर्याय मानला आहे, याचा मला मोठा आधार वाटला. वहीतली मुलगी मात्र ऐकत नाही. ती म्हणते, फणी जहाज वर काढल्यामुळे गेली नाही, तुझ्या वेंधळेपणाने गेली, आणि तू स्वतःच्या अपराधाला तत्त्वाचे कपडे घालून गावोगाव मिरवतेस. याला माझ्याकडे धड उत्तर नाही. ती आणखीही सांगते. वासावरच्या एका सांगाड्याला लोक कित्येक वर्षे गुस्ताव म्हणत होते, तो पुरुष नसून स्त्री असल्याचे डीएनएच्या तपासणीने २०२३ मध्ये जाहीर झाले आणि आता तिला गर्ट्रूड म्हणतात. जहाज गाळात राहिले असते तर ती बाई जन्मलीच नाही असे झाले असते, की नाही? नेदरलँड्सच्या टेसल बेटाजवळ वाळू सरकून उघड्या पडलेल्या जहाजातून पाणबुड्यांनी २०१४ मध्ये सतराव्या शतकातील रेशमी पोशाख वर आणला. तो जागेवर ठेवला असता तर समुद्रानेच त्याच्या चिंध्या केल्या असत्या. आज तो तिथल्या काप स्किल संग्रहालयात बंद काचेमागे आहे. जागेवर ठेवा म्हणणाऱ्यांनी जागाही जागच्या जागी राहते असे गृहीत धरू नये, हे मी मान्य करते.

मामेभावाला मात्र वेगळे उत्तर आहे आणि ते देताना मी अजून चिडते. वासा टिकले ते स्वीडिश लोक हुशार म्हणून नव्हे. बाल्टिकचे पाणी इतके कमी खारट आहे की तिथे टेरेडो, इंग्रजीत शिपवर्म, जगत नाही. हा नावाने किडा आणि कुळाने शिंपला असलेला प्राणी आपल्या उबदार, खारट समुद्रात लाकडाची चाळण करतो. होड्यांना डांबर का फासतात हे कोकणातल्या माणसाला शिकवावे लागत नाही. गोव्यातील सुंची खडकावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी शोध घेतला तेव्हा त्यांच्या हाती तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे असे जिन्नस लागले. हे कमी आहे असे ज्याला वाटते, त्याला खजिना हवा आहे. खजिन्याचे काय होते तेही पाहून घ्यावे: १८०४ मध्ये बुडालेल्या मर्सिडीज या स्पॅनिश जहाजाची सुमारे १७ टन नाणी एका अमेरिकी कंपनीने २००७ मध्ये उचलून नेली आणि न्यायालयाच्या आदेशाने ती २०१२ मध्ये स्पेनला परत मिळाली. स्पेनमधील कार्ताहेनाच्या संग्रहालयात ती झळकतात. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि त्यांतले कुठले नाणे कोणत्या पेटीशेजारी पडले होते एवढेच मनात येत राहिले.

गेल्या वर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर, मालवणकडच्या एका मच्छीमाराचा फोन आला. जाळ्यात लाकडाचा मोठा तुकडा आला होता, लाकडी खुंट्या ठोकलेला. "उनात घातलंय सुकूक, सुकलो काय फोटो धाडतंय," असे तो उत्साहाने म्हणाला. मी फोनवर ओरडलेच. तुकडा सावलीत आणा, निळ्या पिंपात समुद्राचेच पाणी भरून त्यात बुडवा, वर ओले गोणपाट टाका आणि पाणी रोज बघा, असे मी एका दमात सांगितले. त्याने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "ताई, किती दिस ठेवचो लागतलो?"

आधी बुडवा तर खरे, असे मी म्हणाले. त्याने पिंप भरले, मला फोटो पाठवला, आणि दर पौर्णिमेच्या आसपास तो हाच प्रश्न विचारायला फोन करतो.