वाकड्या मांडीचा गुडघा

शिंदखेडा तालुक्यातल्या त्या आजी धुळ्याला तपासायला आल्या, तेव्हा गुडघ्याआधी माझं लक्ष त्यांच्या मांडीकडे गेलं. तरुणपणी बैलगाडीवरून पडून हाड मोडलं होतं. गावातच फळ्या बांधल्या आणि ते बाक धरून जुळलं. "डाक्टर, मना पाय सरळ व्हई का?" एवढंच त्यांना विचारायचं होतं.

एरवी गुडघा बदलताना आम्ही मांडीच्या हाडाच्या पोकळीत लांब सळई घालतो आणि तिच्या आधाराने कापाचा कोन ठरवतो. या बाकातून सळई जाणं शक्यच नव्हतं. म्हणून कॉम्प्युटर नॅव्हिगेशन, म्हणजे कॅमेरा आणि कॉम्प्युटरच्या मदतीने कोन मोजणं. 1997 साली फ्रान्समधल्या ग्रनोबलला या पद्धतीने पहिला गुडघा बदलला गेला. अशा हाडांसाठी मला तरी आज तिच्यावाचून पर्याय दिसत नाही.

मांडी आणि नडगीच्या हाडांत पिना बसवून त्यांवर चकाकत्या गोळ्यांचे ट्रॅकर लावले. पाय खुब्यातून गोल गोल फिरवला. त्या फिरण्यावरून इन्फ्रारेड कॅमेरा खुब्याचा मध्य शोधतो. मग पॉइंटर गुडघ्याच्या खुणांना, घोट्याच्या दोन्ही हाडांना टेकवला. पडद्यावर आकडा आला: पाय 13 अंश बाहेर धनुकलीसारखा वाकलेला.

जिग, म्हणजे करवतीला दिशा देणारा साचा, बसवली, करवत हातात घेतली आणि पाहतो तर कोन 4 अंशांनी सरकलेला. जिग तर हललेली नव्हती. सरळ हाड असतं तर नजरेनेच कळलं असतं काय चुकलं ते. इथे नजरेला धरायला काहीच नव्हतं. तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "सर, मघाशी रिट्रॅक्टर ट्रॅकरला लागला." रिट्रॅक्टर म्हणजे जखम उघडी धरणारं हत्यार.

हाडावर आधी नोंदवलेल्या खुणेवर पॉइंटर टेकवला. टोक हाडाला लागलं होतं, पडद्यावर मात्र ते हवेत दिसत होतं. ठिसूळ हाडातली पिन ढिली झाली होती. सिस्टर बोलल्या नसत्या तर त्या खोट्या आकड्यावर विसंबून मी जिग वाकडी केली असती, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो. पिन नव्या जागी बसवली, पाय पुन्हा फिरवला, सगळ्या खुणा पहिल्यापासून घेतल्या. मगच काप. शेवटी सरळ रेघेपासून फरक उरला 1 अंशाचा.

दुसऱ्या दिवशी आजी वॉकर धरून उभ्या राहिल्या. मांडीचा बाक तसाच होता. खुबा, गुडघा आणि घोटा मात्र एका रेघेत. लुगडं जरा वर धरून त्या बराच वेळ पायाकडे पाहत राहिल्या आणि मग दुसऱ्या गुडघ्याची तारीख विचारली.