जुनी इनबोर्ड बोट, दिवसभराचा टप्पा आणि डिझेल लाइनमधली हवा

टप्पा तसा सोपा होता. खाडीतून बाहेर पडायचं, किनारा धरून दिवसभर चालायचं आणि उजेड असेपर्यंत पुढच्या आडोशाला नांगर टाकायचा. बोट जुनी, डेकखाली चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, आणि टाकी बोटीच्याच वयाची. खाडीत इंजिनाने काहीच त्रास दिला नाही. बाहेर लाटा लागल्या आणि तासाभरात आरपीएम २२०० वरून घसरायला लागले. थ्रॉटल पुढे केला की इंजिन आणखी बसायचं, मागे घेतला की सावरायचं. थोडा वेळ नीट चालायचं, पुन्हा तेच.

अशा वेळी पाना हातात घेण्याआधी इंजिन कसं बसतंय ते नीट ऐकावं. खटकन बंद पडलं तर आधी स्टॉप सोलेनॉइड (इंजिन बंद करणारा विजेचा खटका) आणि त्याची वायरिंग बघायची. काळा धूर सोडत दबलं तर प्रोपेलरमध्ये दोर किंवा जाळं अडकलेलं असू शकतं. पण वरखाली होत, धापा टाकत बसत असेल तर त्याला डिझेल पुरत नाही. आणि शांत पाण्यात ठीक, लाटांत बिघाड, असं असेल तर टाकीचा तळ ढवळला गेला असं समजावं. डिझेल पाण्यापेक्षा हलकं असल्याने टाकीत शिरलेलं पाणी तळाशी बसतं, आणि ते दोन्ही जिथे भेटतात तिथे जंतू वाढून काळा चिकट गाळ तयार होतो. बंदरात उभ्या बोटीत तो वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो.

वारा किनाऱ्याकडे होता, म्हणून इंजिन चालू असतानाच नांगर टाकायचं ठरवलं. “काका, थ्रॉटल मागे घ्या, पण नांगर धरेपर्यंत बंद करू नका,” एवढंच सुकाणूवरच्या काकांना सांगितलं. बंद केलेलं इंजिन पुन्हा लागेलच याची खात्री नसते, त्यामुळे हा क्रम कधीही उलटा करू नये.

फिल्टरच्या पारदर्शक वाटीत बारीक बुडबुडे दिसत होते. म्हणजे लाइन कुठेतरी हवा घेत होती. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपापर्यंतची लाइन ओढीवर चालते. तिथे फट असली तरी डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत जाते. त्यामुळे कोरडी, स्वच्छ दिसणारी जोडणीही संशयातून सुटत नाही. फिल्टरच्या झाकणाची ओ-रिंग (रबराची गोल कडी) कडक, चपटी झालेली निघाली. ती बदलली, हवा काढली, इंजिन सुरू केलं. बुडबुडे कमी झाले, पण लोड दिला की आरपीएम पुन्हा पडायचे.

माझं ठाम मत असं की इथे नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं तोंड) किंवा त्याला दाबाने डिझेल देणाऱ्या फ्युएल पंपाला हात लावूच नये. आधी लाइनचे दोन भाग करावेत. आम्ही एका कॅनमध्ये स्वच्छ डिझेल घेतलं, तो इंजिनाशेजारी बांधला आणि टाकीची नळी काढून त्याची नळी फिल्टरच्या तोंडाला लावली. इंजिनातून उरलेलं डिझेल परत आणणारी नळीही कॅनमध्येच सोडली, नाहीतर तो बघता बघता रिकामा होतो. इंजिन गिअरमध्ये घालून नांगरावरच लोड दिला, तर ते अजिबात न अडखळता चाललं. म्हणजे फिल्टरपासून पुढचं सगळं निर्दोष, बिघाड टाकीच्या बाजूला. या एका तपासणीने अर्धं इंजिन संशयातून बाहेर पडतं.

टाकीच्या बाजूला उरतं थोडंच. टाकीत हवा येऊ देणारी व्हेंटची नळी मीठ किंवा किड्यांच्या घरट्याने बुजते आणि टाकीत निर्वात तयार होतो. डिझेल भरायचं झाकण उघडल्यावर सुस्कारा आला तर दोष तिथे. आमच्याकडे आवाज आला नाही. मग टाकीकडे जाणाऱ्या नळीत हातपंपाने उलटी हवा सोडली. सुरुवातीला पंपाचा दांडा जड लागला, मग काहीतरी सुटल्यासारखा एकदम हलका झाला आणि टाकीत बुडबुडल्याचा आवाज आला. आत उतरणाऱ्या नळीच्या टोकाला बारीक जाळी होती आणि तिच्यावर गाळ चढला होता.

दोन्ही दोष एकमेकांत गुंतलेले होते, हेच या प्रवासातून मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं. जाळी बुजली म्हणून पंप जोराने ओढायला लागला, आणि त्या ओढीने कमकुवत ओ-रिंगमधून हवा शिरली. हवा सापडली म्हणून तपास थांबवू नका. पंपाला एवढी ओढ का लावावी लागतेय ते शोधा.

हवा काढताना क्रम टाकीकडचा फिल्टर, मग इंजिनाकडचा दुसरा फिल्टर, मग फ्युएल पंप असा धरावा. फीड पंपाचा हाताचा लिव्हर ढिला लागला तर पंप हलवणारा इंजिनाचा कॅम वर अडकलेला असतो. इंजिन थोडं फिरवलं की लिव्हरला जोर येतो. शेवटी नोझलचे नट किंचित सैल करून सेल्फ मारावा, पण त्या फवाऱ्यासमोर हात नको, इतक्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं. आणि बराच वेळ सेल्फ मारायचा असेल तर इंजिन थंड करणाऱ्या समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद ठेवा. इंजिन सुरू नसताना सायलेन्सरमध्ये साचलेलं पाणी बाहेर फेकलं जात नाही आणि ते उलटं सिलिंडरपर्यंत पोचू शकतं. इंजिन लागताक्षणी कॉक उघडायचा. हे काम दुसऱ्या माणसाकडे द्यावं.

पुढचा टप्पा कमी आरपीएमवर पार पडला. मुक्कामी टाकीचं झाकण उघडून गाळ उपसला आणि ती जाळी कायमची काढून टाकली. गाळ अडवायचं काम जिथे हात पोचतो अशा फिल्टरचं आहे. शिवाय फिल्टरनंतर पंपाची ओढ दाखवणारा व्हॅक्यूम गेज बसवला. नव्या फिल्टरवर काटा शून्याजवळ असतो. तो चढायला लागला की इंजिन बसण्याच्या कितीतरी आधी कळतं.

लांब निघताना फिल्टर, ओ-रिंग, बँजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर आणि डिझेलने खराब न होणारी पारदर्शक नळी बोटीवर असू द्या. जोडण्यांना टेफ्लॉन टेप लावू नका, तिचे धागे तुटून फ्युएल पंपात जातात. इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर फीड पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) फाटून डिझेल ऑइलमध्ये उतरत असू शकतं; तसं इंजिन चालवू नये. सांडलेलं डिझेल कापडाने टिपून घ्या, बिल्ज (बोटीचा तळ) उपसणाऱ्या पंपाने समुद्रात सोडू नका.

डेकखालचं इंजिन (इनबोर्ड) पेट्रोलचं असेल तर कॅनची तपासणी इंजिनरूममध्ये करूच नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बिल्जमध्ये साचते आणि एका ठिणगीने बोट पेटते. सुरू करण्याआधी वाफ बाहेर काढणारा ब्लोअर किमान ४ मिनिटं चालवा आणि तरीही वास आला तर सेल्फला हात लावू नका.